नांगर कोरलेली शिळा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

खडकीच्या युद्ध दफनभूमीवर मागे छापलेल्या टिपणानंतर आलेली बरीच पत्रं समुद्रावर मेलेल्या माणसांबद्दल होती. सैनिक जिथे पडतो तिथे किंवा आसपास त्याची कबर सापडते. खलाशाचं तसं नसतं. त्याचं नाव एका शहरात असतं, बोट दुसऱ्या समुद्राच्या तळाशी आणि घर तिसरीकडे. म्हणून उत्तरांत शोधण्याच्या पद्धतीवर जरा जास्त जागा खर्च केली आहे.

प्रश्न : माझे पणजोबा मुंबईहून सुटणाऱ्या इंग्रज कंपनीच्या बोटीवर तांडेल होते. १९४२ साली बोट बुडाली, एवढंच घरात सांगतात. बोटीचं नाव ‘सिटी ऑफ’ काहीतरी. खडकीला जाऊन आलो, नाव नाही. आता कुठे शोधू? – एक वाचक, रत्नागिरी

खडकीला नाव नसणारच. तिथे ज्यांचा देह मिळाला आणि पुरला गेला, मुख्यतः त्यांच्या शिळा आहेत. समुद्राखेरीज ज्यांना दुसरी कबर नाही अशा अविभाजित हिंदुस्थानातल्या खलाशांची नावं मुंबईत, मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहेत. पहिल्या महायुद्धातल्या २,००० हून अधिक खलाशांचं स्मारक तिथे आहे. दुसऱ्या महायुद्धातली ६,००० हून अधिक नावं नामावलीच्या ग्रंथात आहेत, आणि तशीच नामावली चितगावलाही आहे. दोन ठिकाणी ठेवण्याचं कारण साधं : कोलकात्याहून भरती होणारे बहुतेक खलाशी सिल्हेट, नोआखाली, चितगाव भागातले होते, मुंबईहून चढणारे कोकण, काठियावाड, पंजाब आणि गोव्याचे.

मस्जिद बंदरला जाण्याआधी मात्र घरबसल्या दोन गोष्टी करा. ही जागा एका संस्थेच्या इमारतीत आहे, रस्त्यावरचा पुतळा नव्हे. आधी विचारून, ओळखपत्र घेऊन जायचं. आणि बोटीचं नाव व तारीख हातात नसताना गेलात तर हजारो नावांत तुमचं बोट कुठे ठेवायचं हेच कळणार नाही.

पहिली गोष्ट, बोट नक्की करा. ‘सिटी ऑफ’ हे नाव एलरमन कंपनीच्या डझनावारी बोटींना होतं. १९४२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच ‘सिटी ऑफ अथेन्स’ ८ ऑक्टोबरला, ‘सिटी ऑफ जोहान्सबर्ग’ २३ ऑक्टोबरला आणि ‘सिटी ऑफ कैरो’ ६ नोव्हेंबरला बुडाली. यातली ‘कैरो’ मुंबईहूनच निघाली होती. पोटात चांदीची नाणी, आणि दक्षिण अटलांटिकमध्ये जर्मन पाणबुडीने टिपली. तेव्हा घरात ‘दिवाळीच्या सुमाराला तार आली’ असं काही सांगत असतील तर तेही टिपून ठेवा. तार मात्र घटनेनंतर कित्येक आठवड्यांनी यायची, हे लक्षात असू द्या. जुनी ‘नळी’, म्हणजे खलाशाचं सेवापुस्तक, पेटीत असेल तर सोन्याहून पिवळं : त्यावर बोटींची नावं आणि चढल्या-उतरल्याच्या तारखा असतात. शेवटच्या सफरीची नोंद त्यात नसली तरी कंपनी कळते.

दुसरी गोष्ट, दोन्ही महायुद्धांतल्या राष्ट्रकुलाच्या मृतांच्या कबरी आणि नोंदी सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव शोधा. इथे बहुतेकांचं गाडं अडतं. नाव इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलं आहे. ‘सुलेमान’मधला ‘सु’ कधी एस-यू, कधी एस-ओ-ओ. ‘इब्राहिम’ कधी आय पासून, कधी ई पासून. ‘रत्नागिरी’सुद्धा जुन्या कागदांत आर-यू ने सुरू होते. आडनाव बहुधा नसतंच. स्वतःचं नाव आणि बापाचं नाव एकापुढे एक, आणि त्यातलं दुसरं आडनावाच्या रकान्यात पडलेलं. म्हणून नावाने शोधून थकण्यापेक्षा बोटीचं नाव आणि मृत्यूचं वर्ष टाकून त्या बोटीवरच्या सगळ्यांची यादी काढा आणि डोळ्यांनी वाचत खाली या. साठ-सत्तर नावं असतील तर अर्ध्या तासाचं काम आहे.

यादीत हुद्दा पाहा, तो फार मदत करतो. डेकवर सारंग सगळ्यांत वर, त्याच्या हाताखाली तांडेल, सुकाण धरणारा सुकाणी, सामानाच्या कोठीचा कसब, मग साधे लस्कर. इंजिनखोलीतही वेगळा सारंग आणि वेगळा तांडेल असायचा. त्यांच्याखाली आगवाला, तेलवाला आणि कोळसा ओढणारा. स्वयंपाकाला भंडारी, झाडलोटीला टोपस. सलूनमधले बटलर व पोरं बहुतेक गोव्याची. कमिशनच्या नोंदींत हे हुद्दे इंग्रजी लिपीत जसेच्या तसे आहेत. ‘तांडेल’ तिथे ‘टिंडल’सारखा दिसेल. रत्नागिरीकडची माणसं मुख्यतः डेकवर, तेव्हा आगवाल्यांत वेळ घालवू नका.

तिथेही सापडलं नाही तर लंडनचं टॉवर हिल स्मारक पाहा. ब्रिटिश व्यापारी नौदलाची समुद्रात गेलेली माणसं तिथे आहेत, पहिल्या युद्धातली सुमारे १२,००० आणि दुसऱ्यातली जवळजवळ २४,०००. तिथे नावं बोटीनुसार लावली आहेत. करार इंग्लंडच्या बंदरात झाला असेल तर, विशेषतः गोव्याच्या माणसाचं नाव, तिकडे गेलेलं असू शकतं.

एक गोष्ट सांगून ठेवतो, कारण तीन पत्रांत हा घोळ होता. २३ नोव्हेंबर १९४२ ला जपानी पाणबुडीने बुडवलेल्या ‘तिलावा’वरचे प्रवासी या नामावलीत शोधू नका. मुंबईहून मोंबासाकडे निघालेल्या त्या बोटीवर २८० माणसं गेली. खलाशांचं स्मारक खलाशांचंच आहे. प्रवासी त्यात येत नाहीत.

प्रश्न : आजोबांचे भाऊ १९४३ मध्ये मालवाहू बोटीवर तापाने गेले. बोट युद्धाचं सामान नेत होती. तरी त्यांचं नाव यादीत नाही. ही चूक आहे का? – एक वाचक, श्रीवर्धन

बहुधा चूक नाही, नियम आहे. नौदलाचा माणूस सेवेत असताना ठरलेल्या तारखांच्या आत कशानेही मेला, अगदी हिवतापाने किंवा जिन्यावरून पडून, तरी तो युद्धमृत धरला जातो. तारखा अशा : ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. व्यापारी बोटीवरचा खलाशी मात्र कायद्याने नागरिक. त्याचा मृत्यू शत्रूच्या हल्ल्याने किंवा युद्धामुळे वाढलेल्या धोक्याने झाला असला पाहिजे. पाणसुरुंगाने मेला तर आत, तापाने मेला तर बाहेर. अन्याय वाटतो, आणि आम्हालाही वाटतो, पण खेटे घालण्याआधी हे माहीत असलेलं बरं.

खरोखर वगळलं गेलं असेल, उदाहरणार्थ बोट बुडाल्यावर तराफ्यावर ताप येऊन गेले, तर मृत्यूचा दाखला किंवा कंपनीचं पत्र आणि सेवेचा पुरावा जोडून कमिशनकडे अर्ज करता येतो. नुसती घरातली आठवण चालत नाही. २०२१ साली कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीने मान्य केलं की पहिल्या महायुद्धातल्या किमान १,१६,००० आफ्रिकी, आशियाई व इतर मृतांचं नावाने स्मरण झालेलंच नाही. तेव्हा ‘यादीत नाही म्हणजे नव्हताच’ असं कोणी म्हटलं तर ऐकून घेऊ नका.

प्रश्न : एका युद्ध दफनभूमीतल्या शिळेचा फोटो पाठवत आहे. वर नांगर, खाली आकडा आणि ‘एच.एम.एस. ब्रगँझा’. या नावाची बोट कुठल्याच यादीत मिळत नाही. – एक वाचिका, ठाणे

बोट नव्हतीच. ‘ब्रगँझा’ हा ब्रिटिश नौदलाचा मुंबईतला किनाऱ्यावरचा तळ होता. नौदलात प्रत्येक माणूस कुठल्या ना कुठल्या जहाजाच्या पटावर असावा लागतो. म्हणून बराकी, प्रशिक्षण शाळा, कचेऱ्या यांनाही जहाजाची नावं देतात. इंग्लंडमध्ये पोर्टस्मथच्या बराकीचं नाव तेव्हा ‘व्हिक्टरी’, चॅटहॅमची ‘पेम्ब्रोक’, डेव्हनपोर्टची ‘ड्रेक’. रॉयल इंडियन नेव्हीची मुंबईतली ‘तलवार’ ही बिनतारी संदेशांची शाळा होती. १९४६ चं बंड तिथेच पेटलं. तेव्हा ‘व्हिक्टरी’ वाचून आपला माणूस ॲडमिरल नेल्सनच्या त्याच नावाच्या जहाजावर होता असं कोणी छातीठोकपणे सांगितलं तर हसू दाबा.

तुमच्या फोटोतली शिळा वरून खाली अशी वाचा. दोर गुंडाळलेला नांगर म्हणजे ब्रिटिश नौदल. पृथ्वीगोल आणि भोवती पानांची माळ असती तर रॉयल मरीन. त्याखाली सेवाक्रमांक, हुद्दा, नाव, मग जहाज, मृत्यूची तारीख आणि वय. क्रमांक ‘पी/जेएक्स’ने सुरू होतो, त्यात बरंच काही आहे. ‘पी’ म्हणजे पोर्टस्मथ तळ. ‘सी’ चॅटहॅम, ‘डी’ डेव्हनपोर्ट. ‘जे’ म्हणजे खलाशी किंवा संदेशवाला, ‘के’ म्हणजे भट्टीवाला, ‘एम’ कारागीर वा शुश्रूषक, ‘एल’ अधिकाऱ्यांचा नोकर किंवा आचारी. ‘एक्स’ असला तर १९२५ नंतरच्या वेतनश्रेणीत भरती. पहिल्या महायुद्धातल्या शिळेवर हा ‘एक्स’ दिसणार नाही. अधिकाऱ्याला क्रमांकच नसतो, म्हणून आकडा नाही याचा अर्थ कोरायचा राहून गेला असा घेऊ नका.

हाच तळ पुढे उपयोगी पडतो. त्या माणसाचा भाऊही नौदलात होता आणि समुद्रात गेला, असं कळलं तर त्याचं नाव त्याच्या तळाच्या गावातल्या स्मारकावर असेल : पोर्टस्मथमधलं साउथसी, चॅटहॅम किंवा प्लिमथ. तिन्ही उंच स्तंभ रॉबर्ट लॉरिमर यांनी आखले. तिथे नावं आधी वर्षाने, मग हुद्द्याने लावली आहेत, म्हणून जाताना निदान वर्ष तरी माहीत हवं.

अगदी तळाशी जी ओळ असते ती कुटुंबाने दिलेली. पहिल्या महायुद्धात तिला ६६ अक्षरांची मर्यादा होती, मधल्या रिकाम्या जागा धरून. तुमच्या फोटोत ती ओळ गवतात गेली आहे. पुढच्या वेळी गवत हाताने बाजूला करून फोटो घ्या, कापू नका.

प्रश्न : आम्ही इंग्लंडमध्ये गॉस्पोर्टला राहतो. घराजवळच्या हॅस्लर नौदल दफनभूमीत नाना तऱ्हेच्या शिळा आहेत. यातल्या युद्धकबरी कोणत्या, कसं ओळखायचं? – एक वाचक, गॉस्पोर्ट

तुमच्या शेजारी एक अख्खा इतिहास झोपला आहे. ही दफनभूमी १८५९ पासूनची, त्यामुळे युद्धात मेलेले आणि नुसते नौदलात मेलेले असे दोन्ही तिथे शेजारी शेजारी आहेत.

कमिशनची शिळा माप घेऊन ओळखता येते : उंची २ फूट ८ इंच, रुंदी १ फूट ३ इंच, जाडी ३ इंच, वरची कड किंचित गोलावलेली. ॲडमिरल असो की भट्टीवाला, माप तेच. पण शिळा वेगळी म्हणजे युद्धकबर नाही, असं मात्र म्हणू नका. काही कुटुंबांनी स्वतःची शिळा बसवली आणि ती तशीच राहू दिली गेली. तिथे तारीख पाहायची.

तारखेत फसवणारी जागा म्हणजे ‘एल-५५’ पाणबुडीची सामाईक कबर. दफन १९२८ चं, शांततेच्या काळातलं. पण ही पाणबुडी जून १९१९ मध्ये बाल्टिकमध्ये बुडाली, सोव्हिएत नौदलाने १९२८ साली वर काढली आणि देह परत दिले. मृत्यू १९१९ चा, म्हणजे १९२१ च्या मुदतीच्या आत. दफनाची तारीख नव्हे, मृत्यूची तारीख मोजतात. उलट पाणबुडी ‘ए-१’ १९०४ साली प्रवासी बोटीच्या धडकेने बुडाली. तिची माणसंही तिथेच आहेत, पण ती युद्धमृत नाहीत. ‘थंडरर’ या युद्धनौकेच्या बॉयलरचा १८७६ साली स्फोट होऊन ४५ जण गेले, त्यांचं स्मारक आहे. १८७८ मध्ये बुडालेल्या ‘युरिडिसी’चंही. ही स्मारकं कमिशनच्या कामात येत नाहीत. आणि तुर्की नौसैनिकांचा कोपरा जरूर पाहा : १८५०-५१ मध्ये आलेल्या दोन तुर्की जहाजांवरचे, आजारपणात गेलेले, आधी दुसरीकडे पुरलेले आणि नंतर इथे आणलेले.

आसपासच्या चर्चच्या आवारात ‘समुद्रात हरवला’ असं लिहिलेली शिळा दिसली तर तिच्याखाली कोणी नाही. आईबापाच्या कबरीवर मुलाचं नाव नंतर कोरलेलं असतं. त्याची अधिकृत नोंद साउथसीच्या स्तंभावर शोधा.

प्रश्न : आमचा पंधरा जणांचा गट जुन्या दफनभूमीची सफाई करतो. नौसैनिकांच्या काही शिळा काळ्या-हिरव्या पडल्या आहेत. बाथरूमचं ॲसिड पाण्यात घालून लावलं तर एका कोपऱ्यात छान पांढरी झाली. बाकीच्यांना लावावं का? – एक वाचक, पुणे

लगेच थांबा. पांढरी झाली कारण वरचा थर विरघळला. संगमरवर आणि चुनखडी यांचा मुख्य घटक एकच, आणि ॲसिड पडलं की तो फेस होऊन वाहून जातो. अक्षरं दोन-तीन मिलिमीटर खोल. दोन-तीन वेळा असं केलंत तर नावच जाईल. शिवाय खरखरीत झालेल्या दगडात पुढच्या पावसात शेवाळ दुप्पट जोमाने धरतं. त्या कोपऱ्यावर आता भरपूर साधं पाणी ओता आणि तसाच सोडून द्या.

पुढचं काम परवानगी घेऊनच करा. कमिशनच्या शिळा असतील तर त्यांची माणसं ते करतात, तुम्ही फक्त कळवा. खासगी जुन्या शिळांसाठी पद्धत अशी. आधी बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. पोकळ आवाज आला, पापुद्रे सुटत असले, तर त्या शिळेला हात लावायचा नाही. एरवी एका शिळेला आठ-दहा लिटर साधं पाणी आणि मऊ केसांचा ब्रश. आधी पूर्ण शिळा भिजवा, कारण कोरडा दगड मळकं पाणी पिऊन टाकतो आणि ओघळांचे डाग कायमचे बसतात. घासायचं खालून वर, गोल गोल, आणि शेवटी धुवायचं वरून खाली. दगडफूल घट्ट चिकटलं असेल तर दहा मिनिटं ओलं ठेवून लाकडी चमच्याच्या कडेने उचला. निघत नसेल तर राहू द्या. तारेचा ब्रश नको : तारांचे तुकडे दगडात अडकून गंजतात आणि दोन महिन्यांनी तांबडे ठिपके उमटतात. कपड्यांची पावडर आणि ब्लीच नको, क्षार आत मुरून दगड आतून फुटतो. गाड्या धुण्याचं प्रेशरचं यंत्र तर अजिबात नको.

काम ऑक्टोबरात करा. मे महिन्याच्या उन्हात पाणी धुण्याआधीच वाळतं.

ब्राँझची पाटी असेल, जशा कोहिमा किंवा इम्फाळला बुटक्या दगडांवर आहेत, तर चिंच आणि लिंबू घरीच ठेवा. देवाची भांडी आणि स्मारकाची पाटी यांत फरक आहे. तो गडद रंगच तिचं रक्षण करतो. अक्षरं वाचायला खडू, पीठ, गेरू काही चोळू नका. संध्याकाळी टॉर्च शिळेला जवळजवळ टेकवून बाजूने प्रकाश टाका. पुसट अक्षरंही सावलीने उठून दिसतात. दिवसा हेच काम आरशाने होतं.

उदबत्ती आणि तेलाचा दिवा शिळेच्या पायाशी नको. तेलाचा डाग दगडातून निघत नाही. फुलं मातीवर ठेवा.

प्रश्न : बोरिवलीच्या एकसरला जहाजं कोरलेल्या शिळा आहेत. त्या नौसैनिकांच्या कबरी आहेत का? – एक वाचक, दहिसर

कबरी नाहीत, वीरगळ आहेत, म्हणजे लढाईत पडलेल्या वीरांच्या आठवणीचे कोरीव दगड. खाली कोणी पुरलेलं नाही. पण आपल्याकडचं नौदलाच्या लढाईचं इतकं बोलकं स्मारक दुसरं नाही, म्हणून प्रश्न आला याचा आनंद झाला.

सहा शिळांची रांग आहे. वीरगळ खालून वर वाचायचा : तळच्या चौकटीत लढाई आणि मृत्यू, मध्ये वीराला अप्सरा वर नेतात, त्यावर तो शिवलिंगाची पूजा करतो. एकसरला काही शिळांच्या तळाला घोडेस्वार नसून गलबतं आहेत. टोकं वर वळलेली, मधोमध डोलकाठी, बाजूला वल्ह्यांची ओळ, आणि वर दाटीने उभी असलेली माणसं. वल्ही मोजत बसा, शिल्पकाराने ती उगाच रेघा म्हणून मारलेली नाहीत. शिळांवर नाव कोरलेलं नसल्याने लढाई कोणती यावर वाद झाला. अनेक अभ्यासक ती १२६५ च्या सुमाराची, यादव महादेव आणि उत्तर कोकणचा शिलाहार सोमेश्वर यांच्यातली मानतात. यादवांचा मंत्री हेमाद्री याच्या प्रशस्तीत सोमेश्वर समुद्रात बुडाल्याचा उल्लेख आहे. तो या दृश्यांशी चांगला जुळतो.

सफाईचे वरचे सगळे नियम इथेही लागू. आणि कृपा करून शेंदूर व ऑइलपेंट नको. एकदा थर चढला की वल्ह्यांच्या रेघा बुजतात.

प्रश्न : ‘खुकरी’वर गेलेल्या आमच्या गावच्या नौसैनिकाची शिळा कमिशनच्या यादीत का नाही? – एक वाचक, मालवण

कमिशनची यादी ३१ डिसेंबर १९४७ पर्यंतच्या मृतांवर संपते. ‘आयएनएस खुकरी’ ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवसमोर बुडाली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. स्मारक दीवला समुद्राकाठच्या टेकाडावर आहे, काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती. नाव दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात त्यागचक्राच्या ग्रॅनाइटवर शोधा. जाण्याआधी घरच्या कागदांवरून पूर्ण नाव, हुद्दा आणि सेवाक्रमांक उतरवून घ्या. एकाच नावाची माणसं तिथे बरीच आहेत.